क्रेन उलटेल का? स्टॅटिक्समधल्या या गणिताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली-घणसोलीकडची डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं दर सेमिस्टरला या एका गणितापाशी अडतात. हल्ली रबाळे-तुर्भे एमआयडीसीतले सुपरवायझरही तेच प्रश्न विचारतात, फक्त त्यांच्या क्रेनला खरी चाकं असतात. वारंवार आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे सगळी उत्तरं पुढच्या एकाच उदाहरणावर चालतात.

उदाहरण: एक पिक-अँड-कॅरी (भार उचलून घेऊन चालणारी) क्रेन, म्हणजे साइटवरची हायड्रा. मागचा अ‍ॅक्सल 'अ', पुढचा 'ब', दोन्हींमधलं अंतर ३ मीटर. बूमसकट (बूम म्हणजे भार पेलणारा लांब हात) पण काउंटरवेट (मागचं सावरणारं वजन) सोडून क्रेनचं वजन १५० किलोन्यूटन, त्याचा गुरुत्वमध्य 'ब'च्या मागे १.२ मीटर. काउंटरवेट ९० किलोन्यूटन, 'अ'च्याही मागे १.५ मीटर. हुकवरचा भार ८० किलोन्यूटन, 'ब'च्या पुढे ६ मीटर. आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत, कुठल्या कंपनीच्या मॉडेलचे नाहीत.

१. सर, या गणितात नक्की काय शोधायचं असतं?

तीनपैकी एक. भार दिलेला असेल तर क्रेन उभी राहते का ते. क्रेन दिलेली असेल तर जास्तीत जास्त किती भार चालेल ते. भार आणि क्रेन दोन्ही दिलेले असतील तर काउंटरवेट किती हवं ते. तिन्हींची पद्धत एकच आहे: क्रेन ज्या रेषेवरून उलटेल ती रेषा ठरवायची, तिच्याभोवती उलटवणारे मोमेंट (बल गुणिले रेषेपासूनचं अंतर) एका बाजूला आणि सावरणारे दुसऱ्या बाजूला लिहायचे. बहुतेक चुका आकडेमोडीत होत नाहीत, रेषा चुकीची धरल्यामुळे होतात.

२. मोमेंट 'अ'भोवती घ्यायचा, 'ब'भोवती की गुरुत्वमध्याभोवती?

समतोल असेल तर कुठल्याही बिंदूभोवती मोमेंटची बेरीज शून्यच येते, त्यामुळे कुठलाही बिंदू 'चूक' नाही. पण भार पुढे लटकतोय, म्हणजे क्रेन पुढच्या चाकांवरून पालथी होणार. त्या क्षणी सगळं वजन 'ब'वर असतं आणि 'ब'ची प्रतिक्रिया (जमीन चाकाला वर ढकलते ते बल) आपल्याला माहीत नसते. 'ब'भोवती मोमेंट घेतला की ती अज्ञात प्रतिक्रिया समीकरणातून गळते आणि एका ओळीत उत्तर मिळतं. गुरुत्वमध्याभोवती घेतलात तर ती समीकरणात राहते आणि आणखी एक समीकरण लिहावं लागतं. ताळा करायचा असेल तेव्हा मात्र मुद्दाम दुसरा बिंदू घ्या.

३. उलटायच्या क्षणी मागच्या चाकाची प्रतिक्रिया शून्य का धरायची? क्रेन तर अजून जमिनीवरच आहे ना?

जमीन चाकाला वर ढकलू शकते, खाली खेचू शकत नाही. भार वाढवत नेला की मागच्या चाकावरचा दाब कमी कमी होत जातो. तो शून्यावर आला की चाक टेकलेलं दिसतं खरं, पण जमिनीचा त्याला काही आधार उरलेला नसतो. त्याच्या पुढे समतोलासाठी ऋण प्रतिक्रिया लागेल, ती जमीन देऊ शकत नाही, म्हणून चाक उचललं जातं. तुमच्या उत्तरात 'अ'ची प्रतिक्रिया ऋण आली तर चिन्ह खोडून धन करू नका. ते ऋण चिन्ह म्हणजेच 'क्रेन उलटली' हे उत्तर आहे.

४. पूर्ण गणित एकदा सोडवून दाखवाल का?

आधी फ्री बॉडी डायग्राम (फक्त क्रेन आणि तिच्यावरची बलं दाखवणारं चित्र) काढा: खाली जाणारी तीन वजनं, वर जाणाऱ्या दोन प्रतिक्रिया. मग 'ब'भोवती मोमेंट.

सावरणारे: क्रेनचं वजन १५० × १.२ = १८०. काउंटरवेट 'ब'पासून ३ + १.५ = ४.५ मीटरवर, म्हणून ९० × ४.५ = ४०५. एकूण ५८५ किलोन्यूटन-मीटर.

उलटवणारा: ८० × ६ = ४८० किलोन्यूटन-मीटर.

५८५ हे ४८०पेक्षा मोठं, म्हणजे क्रेन उभी राहते. शिल्लक १०५ किलोन्यूटन-मीटर. ही शिल्लक 'अ'ची प्रतिक्रिया आणि ३ मीटर यांच्या गुणाकाराइतकी, म्हणून 'अ'वर १०५ ÷ ३ = ३५ किलोन्यूटन. एकूण वजन १५० + ९० + ८० = ३२०, त्यामुळे 'ब'वर २८५.

ताळा 'अ'भोवती: १५० × १.८ + ८० × ९ − ९० × १.५ = २७० + ७२० − १३५ = ८५५, आणि ८५५ ÷ ३ = २८५. जुळलं.

उलटण्याच्या काठावरचा भार: ५८५ ÷ ६ = ९७.५ किलोन्यूटन. ही १०५ची शिल्लक आणि हे ९७.५ लक्षात ठेवा, पुढे दोन्ही वारंवार लागतील.

५. मग काउंटरवेट भरपूर वाढवलं तर प्रश्नच मिटला ना?

हुक रिकामा झाला की क्रेन मागे कलंडेल. भार नसताना उलटण्याची रेषा बदलते, ती आता 'अ'. काउंटरवेट १.५ मीटरवरून मागे ओढतं, क्रेनचं वजन १.८ मीटरवरून पुढे धरून ठेवतं. काठावर: काउंटरवेट × १.५ = १५० × १.८, म्हणजे १८० किलोन्यूटन. त्याहून जास्त ठेवलं तर रिकामी क्रेन मागे पडेल.

कमीत कमी किती? भारासकट 'ब'भोवती: काउंटरवेट × ४.५ = ४८० − १८० = ३००, म्हणजे साधारण ६६.७. तेव्हा काउंटरवेट ६६.७ ते १८० यांच्यामध्ये हवं, आपलं ९० त्यात बसतं. 'कमाल आणि किमान काउंटरवेट' असा प्रश्न परीक्षेत आला की दोन चित्रं काढा, एक भारासह आणि एक भाराविना. एकाच चित्रावर दोन्ही उत्तरं काढायला गेलेली मुलं हमखास फसतात.

६. वजन टनात दिलंय. तसंच ठेवलं तर चालेल?

सगळीच वजनं टनात असतील आणि विचारलेलं उत्तरही टनात असेल तर चालेल, कारण ९.८१ दोन्ही बाजूंनी जातं. भार टनात आणि क्रेनचं वजन किलोन्यूटनमध्ये अशी खिचडी असेल तर आधी बदला: ८ टन म्हणजे ७८.५ किलोन्यूटन. प्रश्नपत्रिका काढणारे ही खिचडी कधी कधी जाणूनबुजून शिजवतात.

७. घर्षण कुठे गेलं? चाक आणि रस्ता यांच्यात तर असतंच की.

असतं, पण घर्षणाचं बल 'ब'मधूनच जमिनीला लागून जातं, म्हणून 'ब'भोवती त्याचा मोमेंट शून्य. शिवाय सगळी बलं उभी असतील तर घर्षणाची गरजच पडत नाही. आडवं बल आलं (प्रश्न ११) की क्रेन आधी घसरेल की आधी उलटेल हे तपासावं लागतं.

८. बूमचं वजन कुठे धरायचं? बूम वर-खाली केल्यावर काय होतं?

आपल्या उदाहरणात बूम क्रेनच्या वजनातच धरलाय. वेगळा दिला असेल तर त्याचं वजन मध्यावर धरा आणि आडवं अंतर काढा, बूमच्या लांबीवरचं नव्हे. समजा १० मीटरचा बूम 'ब'च्या मागे १ मीटरवर बिजागरीत बसवलाय. ६० अंशांवर टोक 'ब'च्या पुढे १० × ०.५ − १ = ४ मीटर. ३० अंशांपर्यंत खाली आणला तर ८.६६ − १ = ७.६६ मीटर. भार तोच, मोमेंट जवळजवळ दुप्पट. भार उचलून ठेवलेला असताना बूम खाली करत नेणं म्हणूनच घातक ठरतं: उचलताना सगळं ठीक असतं आणि ठेवताना मागची चाकं उठतात.

चिन्हाचा सापळाही याच गणितात आहे. ८५ अंशांवर बूमचा मध्य ५ × ०.०८७ − १, म्हणजे 'ब'च्या ०.५६ मीटर मागे येतो. तिथे बूमचं वजन उलटवत नाही, उलट सावरतं. 'बूम नेहमी उलटवणाऱ्या बाजूला' असं पाठ केलेल्यांचे मार्क इथे जातात.

९. उत्तर ९७.५ किलोन्यूटन आलं. म्हणजे साइटवर ९७.५ उचलायला हरकत नाही?

हरकत आहे, आणि मोठी आहे. ९७.५ हा काठ आहे. लोड चार्टवरचा (कंपनीनं दिलेल्या, किती अंतरावर किती भार चालेल त्या तक्त्यावरचा) आकडा त्या काठाच्या बराच आत असतो. मोबाइल क्रेनसाठीच्या एएसएमई बी३०.५ या अमेरिकन मानकात टायरवर उभ्या क्रेनला उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्के आणि पूर्ण पसरलेल्या आउटरिगरवर (बाजूला पसरून जमिनीवर टेकवायच्या पायांवर) ८५ टक्के अशी मर्यादा आहे. आपली क्रेन टायरवर, म्हणून ९७.५ × ०.७५ = ७३.१ किलोन्यूटन. म्हणजे प्रश्न ४ मध्ये 'उभी राहते' म्हणून पास झालेला ८०चा भार इथे नापास. वहीतलं उत्तर आणि साइटवरचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

आणखी दोन गोष्टी सुपरवायझर मंडळींसाठी. हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल, स्प्रेडर यांचं वजन भारातच मोजायचं. आणि बूम जवळ घेऊन काम करताना चार्टवरची मर्यादा बहुधा उलटण्याची नसते, बूमच्या किंवा दोराच्या ताकदीची असते. अंतर १ मीटर धरलं तर आपलं गणित ५८५ किलोन्यूटन म्हणेल. तेवढ्या भारानं क्रेन उलटण्याच्या कितीतरी आधी काहीतरी तुटेल. कारखान्यातल्या क्रेनसाठी १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ मध्येही हेच होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली): नोंदलेल्या सुरक्षित भारापेक्षा जास्त उचलायचं नाही आणि दर बारा महिन्यांत निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी.

१०. चार्टवरचा 'रेडियस' आणि गणितातलं अंतर एकच का?

बहुतेकदा नाही. वरचा भाग गोल फिरणाऱ्या क्रेनच्या चार्टमध्ये रेडियस हा फिरण्याच्या केंद्रापासून मोजतात, गणितातलं अंतर उलटण्याच्या रेषेपासून. समजा केंद्र रेषेच्या २ मीटर आत आहे. मग ८ मीटर रेडियस म्हणजे गणितातले ६ मीटर. विद्यार्थी ८ घालतो, ८० × ८ = ६४० येतं, ते ५८५पेक्षा जास्त, आणि तो उभी असलेली क्रेन कागदावर पाडतो. तेवढ्यानं कुणाला इजा होत नाही. साइटवर याच्या उलट घडतं: टेप चाकापासून लावून ६ मीटर मोजलं, चार्टमध्ये ६ची ओळ बघितली, जिथे खरं तर ८ची बघायला हवी होती. चार्टवर कोपऱ्यात छोटी आकृती असते, अंतर कुठून मोजायचं ते तिथे दिसतं. ती बघितल्याशिवाय आकडा वाचू नका.

११. भार झुलतोय किंवा वारा आहे, तर स्टॅटिक्सनं काही सांगता येतं का?

अंदाज नक्की येतो. दोर उभ्या रेषेपासून पुढे ३ अंश कलला तर बूमच्या टोकाला ८० × ०.०५२४ = ४.२ किलोन्यूटनचं आडवं बल लागतं. दिसायला किरकोळ. पण टोक जमिनीपासून १२ मीटर वर आहे, म्हणून मोमेंट ४.२ × १२ = सुमारे ५० किलोन्यूटन-मीटर. १०५च्या शिलकीतला जवळपास निम्मा भाग ३ अंशांनी खाल्ला.

इथे भाराची उंची घ्यायची नाही, बूमच्या टोकाची घ्यायची, कारण क्रेनला बल तिथे लागतं. भार जमिनीपासून वीतभर वर असला तरी हे बदलत नाही. वाऱ्यानं पत्र्याचा गठ्ठा ढकलला तरी हिशेब हाच. हायड्रा भार घेऊन चालताना ऑपरेटरनं कचकन ब्रेक मारला तरी हाच. टॅग लाइन (भार झुलू नये म्हणून त्याला बांधलेला दोर) धरून चालणारा हेल्पर हा ३ अंशांचा कल येऊ नये म्हणून असतो. भाराखाली किंवा क्रेनच्या अगदी पुढ्यात चालणं हे त्याचं काम नाही.

१२. जमीन थोडी उताराची असेल तर? दोन अंशांनी काय होतंय?

बघा काय होतंय ते. पुढच्या बाजूला २ अंश उतार असेल तर १२ मीटरवरचं टोक १२ × ०.०३४९ = ०.४२ मीटर पुढे सरकतं. भार उभाच लटकतो, म्हणून उलटवणारा मोमेंट ८० × ०.४२ = ३३.५नं वाढतो. क्रेन आणि काउंटरवेटचा गुरुत्वमध्य १.५ मीटर उंचीवर धरला तर तोही पुढे सरकून सावरणारा मोमेंट २४० × १.५ × ०.०३४९ = १२.६नं घटतो. एकूण तोटा ४६, शिल्लक १०५वरून ५९.

आता याच्यावर प्रश्न ११ मधला ३ अंशांचा झोका चढवा. ५० आणखी गेले. उरले ९, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर जेमतेम ३ किलोन्यूटन. कागदावर ३५ किलोन्यूटनचा भरवसा देणारी क्रेन साइटवर काठावर येऊन थांबली, आणि भार एक किलोनंही वाढलेला नाही. प्रश्न ९ मधले ७५ टक्के कशासाठी ठेवलेत ते इथे कळतं.

१३. आउटरिगर लावले की 'ब' कुठे जातो?

चाकं हवेत किंवा बिनकामाची, आणि टेकू चार जॅकवर. आता उलटण्याच्या रेषा चार, जॅक जोडणाऱ्या चौकोनाच्या चार बाजू. बूम ज्या बाजूला, ती रेषा धरायची. एकही जॅक अर्धवट पसरला असेल तर चौकोन वाकडा होतो आणि ती रेषा आत येते.

पाठोपाठचा प्रश्न असतो: कोपऱ्यावरून उचलणं जास्त धोक्याचं का? ५ मीटर × ५ मीटरचा चौकोन आणि केंद्रापासून ८ मीटरवर भार घ्या. बाजूवरून उचलताना भार रेषेपासून ८ − २.५ = ५.५ मीटर बाहेर. कोपऱ्याच्या दिशेनं उचलताना जवळच्या रेषेपासून काटकोनात फक्त ५.६६ − २.५ = ३.१६ मीटर. उलटण्याच्या दृष्टीनं भाराचा मोमेंट कमी झाला (फिरत्या काउंटरवेटचा सावरणारा वाटाही काहीसा घटतो, ते विसरू नका). पण बाजूवरून उचलताना दाब दोन जॅकवर वाटला जातो, कोपऱ्यावर तो एकाच जॅकवर गोळा होतो. आणि ठाणे-नवी मुंबईत खाडीकाठच्या मऊ मातीवर, भरावावर, त्या एका जॅकचाच प्रश्न असतो. २०० किलोन्यूटन दाब ०.३ मीटर चौकोनी पायावर आला तर दर चौरस मीटरला २,२२२ किलोन्यूटन. खाली १.२ मीटर चौकोनी मॅट घातली तर १३९. आपलं सगळं गणित जमीन दबणार नाही असं गृहीत धरतं. जॅक रुतला की तो प्रश्न १२ मधला उतार होतो.

१४. मधोमध मुडणाऱ्या चॅसिसची हायड्रा भार घेऊन वळते, तेव्हा?

पुढचा भाग वळला की काउंटरवेट बूमच्या सरळ रेषेत मागे राहत नाही, सावरणारं अंतर कमी होतं, आणि चाकांच्या चौकोनाचा आकारही बदलतो. पुढच्या अ‍ॅक्सलपुरतं गणित करून थांबू नका, बाजूच्या रेषेभोवतीही तपासा. अशा क्रेनना वळलेल्या स्थितीसाठी चार्टमध्ये कमी आकडे दिलेले असतात.

१५. घोडबंदर रोडवरच्या टॉवर क्रेनचं गणित असंच का?

पाया काँक्रीटमध्ये गाडलेला असेल तर नाही. तिथे चाक उचललं जाण्याचा प्रश्न नसतो. शिल्लक मोमेंट मास्टमधून (उभ्या खांबातून) पायात उतरतो आणि उलटायचंच झालं तर पायाचा अख्खा ठोकळा उलटतो. प्रश्न ५ मधला रिकाम्या हुकचा विचार मात्र इथेही लागतो. काम बंद असताना बूम वाऱ्याबरोबर मोकळी फिरू देतात, अडकवून ठेवत नाहीत, कारण वाऱ्याला आडवी धरलेली बूम मोमेंट वाढवते.

१६. रिटेनिंग वॉलला (माती अडवणाऱ्या भिंतीला) उलटण्याविरुद्ध १.४ हा सुरक्षा गुणक घेतो, तोच क्रेनला घेतला तर?

आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकातले १.२ आणि १.४ बांधकामाच्या उलटण्यासाठी आहेत, स्थिर भाराला १.२ आणि वापराच्या भाराला १.४. क्रेनचा नियम प्रश्न ९ मधला. दोन्हींची सरमिसळ करू नका.

१७. खाडीच्या चिखलात रुतलेला केसिंग पाइप ओढायचाय. वजन ८०च आहे, मग गणित तेच ना?

तेच नाही. हुकवर पाइपचं वजन येतं, शिवाय चिखलाची पकड येते. काठ ९७.५, वजन ८०, म्हणजे पकडीसाठी फक्त १७.५ किलोन्यूटन, पावणेदोन टनांच्या आसपास. दबलेल्या चिखलाला तेवढं काहीच नाही. मग एकदम पकड सुटते, बूम उसळते आणि क्रेनला मागे झटका बसतो. रिकाम्या क्रेनच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर (२७० − १३५) ÷ ३ = ४५ किलोन्यूटन असतात, तेवढीच मागे पडण्याविरुद्धची गंगाजळी. रुतलेली वस्तू आधी व्हायब्रोनं (थरथरवणाऱ्या यंत्रानं) किंवा जॅकनं सैल करा, क्रेनला फक्त वजन द्या.

१८. दोन क्रेननी एक गर्डर उचलायचा. प्रत्येकीवर निम्मा भार?

दोघी गर्डरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असतील तरच. गर्डर ६०० किलोन्यूटन, २४ मीटर लांब. पहिली क्रेन एका टोकापासून २ मीटरवर, दुसरी दुसऱ्या टोकापासून ६ मीटरवर धरते. मध्यापासून अंतरं १० आणि ६. पहिलीवर ६०० × ६ ÷ १६ = २२५, दुसरीवर ३७५. जी मध्याच्या जवळ तिच्यावर जास्त. 'निम्मा-निम्मा' म्हणून ३०० धरून क्रेन मागवली तर दुसरी क्रेन पाव पट जास्त भाराखाली उभी राहते.

आणि हे दोन्ही दोर उभे आहेत असं धरून. एक क्रेन दुसरीपेक्षा जरा पुढे गेली की दोर तिरके होतात, दोन्ही क्रेनना एकमेकींच्या दिशेनं आडवं बल लागतं, आणि प्रत्येकीसाठी प्रश्न ११ मधला हिशेब बूमच्या टोकाची उंची घेऊन वेगळा करावा लागतो.